अनुताप आणि परतणे : इस्लाम धर्मातील तौबाविचार

बाजारात पाऊल ठेवावयास जागा उरली नाही की आपण सहज म्हणतो, आज तोबा गर्दी होती. एखाद्या गोष्टीने जेरीस आलेला मनुष्य कानाला हात लावून 'तोबा, तोबा' म्हणतो. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तो मूळचा अरबी असून एका मोठ्या धर्माच्या साधनमार्गातील पहिल्या पायरीचे ते नाव आहे, याचे आपणांस स्मरणही होत नाही. ज्या शब्दाने एका समाजाची माणसे आयुष्यभराच्या पापाचा हिशेब ईश्वरापुढे ठेवतात, तो आपल्या ओठांवर केवळ उद्गार होऊन राहिला आहे. त्या शब्दामागील विचार नीट समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महानुभावीय नियतकालिकात हा विषय कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. तिचे समाधान असे की, आपल्या सूत्रपाठात 'अन्यव्यावृत्ति' या नावाचे एक प्रकरणच आहे. अन्य मतांहून आपले मत वेगळे करून दाखवावयाचे, तर अन्य मत प्रथम यथार्थ जाणले पाहिजे. ऐकीव गोष्टींवरून केलेले खंडन हे खंडन नव्हे आणि ऐकीव गोष्टींवरून केलेली स्तुती ही स्तुतीही नव्हे. शिवाय अनुताप हा विषय असा आहे, की त्याविषयी दुसऱ्याने केलेला विचार वाचताना आपलीच परीक्षा होते.

'तौबा' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ परतणे असा आहे. रडणे, खेद करणे किंवा शिक्षा भोगणे हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. जो वाट चुकून दूर गेला त्याने वळावे आणि जेथून गेला तेथे परत यावे, ही मूळ कल्पना. कुराणात हेच क्रियापद मनुष्याविषयी जसे येते तसेच ईश्वराविषयीही येते. मनुष्य ईश्वराकडे परततो आणि ईश्वरही कृपेने मनुष्याकडे वळतो. म्हणून ईश्वराच्या नामांमध्ये 'अत्तव्वाब', म्हणजे पुनःपुन्हा वळणारा, असे एक नाम गणले जाते. मनातील खेदासाठी 'नदम' हा वेगळा शब्द आहे. क्षमा मागण्यासाठी 'इस्तिग्फार' हा आणखी एक शब्द असून त्याच्या धातूचा अर्थ झाकणे असा आहे. मस्तकाचे रक्षण करणाऱ्या शिरस्त्राणाचे अरबी नावही याच धातूपासून आले आहे. तेव्हा खेद, क्षमायाचना आणि परतणे अशा तीन गोष्टी येथे वेगवेगळ्या मानल्या आहेत. पुढील सर्व विचार या भेदावर उभा आहे.

या विचाराचा आरंभ आदमाच्या कथेने होतो. आदम आणि त्याची सहधर्मिणी यांनी निषिद्ध वृक्षाचे फळ खाल्ले. कुराणाच्या कथनानुसार दोघांनीही तो दोष आपल्या माथी घेतला आणि आम्ही आमच्या जिवावर अन्याय केला असे कबूल करून क्षमा मागितली. ईश्वरानेच आदमाला प्रार्थनेची वचने दिली आणि त्याचे परतणे स्वीकारले. दोष तेथेच संपला. म्हणून आदमाचे पाप वंशपरंपरेने प्रत्येक मनुष्यास चिकटते, हे ख्रिस्ती परंपरेतील मत इस्लामला मान्य नाही. प्रत्येक जण आपल्याच कृत्याचे ओझे वाहतो.

त्याच प्रसंगी इब्लीसही आज्ञा मोडतो. आदमापुढे नमण्यास तो नकार देतो, कारण आपण अग्नीपासून आणि हा मातीपासून निर्माण झालेला, हा त्याचा अभिमान. पुढे तो ईश्वरालाच म्हणतो की, तूच मला बहकविलेस. आदमाने आज्ञा मोडली, इब्लीसानेही मोडली. फरक कृत्यात नव्हे, तर कृत्यानंतरच्या वागण्यात आहे. एकाने दोष आपल्याकडे घेतला, दुसऱ्याने तो वर ढकलला. जो दोष आपला म्हणून घेतो त्याला परतावयास वाट उरते. जो तो दुसऱ्याचा म्हणतो त्याला परतण्याचे कारणच उरत नाही.

येथे एक शंका उत्पन्न होते. पैगंबर मुहंमद यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या एका वचनात खेदालाच तौबा म्हटले आहे. मग मनापासून वाईट वाटले की काम झाले, असे समजावे काय?

या शंकेचे उत्तर कुराणातील आणखी एका कथेत मिळते. आदमाच्या दोन पुत्रांपैकी एकाने दुसऱ्याचा वध केला. कुराणात त्यांची नावे नाहीत. परंपरा त्यांना काबील आणि हाबील म्हणते. वधानंतर भावाच्या प्रेताचे काय करावे हे काबीलास कळेना. तेव्हा ईश्वराने एक कावळा पाठविला आणि तो भूमी उकरू लागला. ते पाहून काबील कळवळला. या कावळ्याइतकीही अक्कल मला असू नये, असे म्हणून तो खेद करणाऱ्यांपैकी एक झाला, असे कुराण सांगते. तेथे 'नदम' हाच धातू वापरला आहे. तरीही काबीलाची तौबा झाली असे कोणी मानत नाही. भाष्यकारांनी याचे कारण शोधले. त्यांपैकी कित्येकांचे म्हणणे असे की, त्याचा खेद भावाला मारल्याचा नव्हता. प्रेत वाहावे लागले, ते झाकता आले नाही, आपली फजिती झाली, याचा तो खेद होता.

याचा अर्थ असा की, खेद दोन प्रकारचा आहे. एका खेदात मनुष्य आपल्या हानीकडे पाहतो. आपले नाव गेले, आपली झोप गेली, लोकांसमोर मान खाली गेली, याचे त्यास दुःख होते. दुसऱ्या खेदात तो ज्याचे वाईट केले त्याच्याकडे आणि ज्याची आज्ञा मोडली त्याच्याकडे पाहतो. अश्रू दोन्हीकडे सारखेच खारट असतात. म्हणून अश्रूंवरून निवाडा करता येत नाही. खेद होऊन मनुष्य कोणत्या दिशेला चालू लागला, हे पाहावे लागते.

हा निवाडा शास्त्रीय पद्धतीने मांडण्याचे श्रेय अबू हामिद अल्‌गझाली (इ. स. १०५८ ते ११११) यांस द्यावे लागेल. हे इराणातील तूस नगरीचे. बगदादच्या निझामिया विद्यापीठात त्यांना मोठी प्रतिष्ठा लाभली होती. १०९५ साली ती सोडून ते साधनेसाठी बाहेर पडले. त्यांचा 'इह्या उलूम अद्दीन' हा चाळीस प्रकरणांचा ग्रंथ चार भागांत विभागलेला असून, तारक गुणांविषयीच्या शेवटच्या भागाचा प्रारंभच तौबेच्या प्रकरणाने होतो. त्यांच्या मते तौबा ही एक गोष्ट नसून क्रमाने येणाऱ्या तीन गोष्टींची मिळून झालेली आहे. प्रथम ज्ञान, त्यापासून अवस्था, आणि अवस्थेपासून कृती. पाप आपल्याला प्रिय ईश्वरापासून दूर करते हे कळणे, हे ज्ञान. त्या ज्ञानाने अंतःकरणात जी आग लागते तो खेद, ही अवस्था. आणि त्या आगीमुळे पाप आत्ताच सोडणे, पुढे न करण्याचा निश्चय करणे व मागे जे बिघडले ते भरून काढणे, ही कृती. पापाला ते विषाची उपमा देतात. आपण विष प्यालो हे ज्यास कळले तो ते बाहेर काढण्यासाठी धावपळ करतो, केवळ हळहळत बसत नाही. हळहळत बसला असेल, तर ते विष आहे हे त्यास अजून खरे वाटलेले नाही.

पुढील शतकातील दमास्कसचे पंडित अन्‌नववी (इ. स. १२३३ ते १२७७) यांनी याच नियमांना आटोपशीर रूप दिले. दोष केवळ मनुष्य आणि ईश्वर यांच्यामधील असेल तर अटी तीन : पाप थांबविणे, त्याचा खेद होणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. परंतु दोष दुसऱ्या माणसाविषयी घडला असेल तर चौथी अट येते. त्याचा हक्क त्याला परत दिला पाहिजे. धन घेतले असेल तर धन परत करावे. निंदा केली असेल तर त्याची क्षमा मागावी. ईश्वराचे हक्क आणि माणसांचे हक्क असा भेद इस्लामी शास्त्रकार कटाक्षाने करतात. ईश्वर आपला हक्क क्षमेने सोडू शकतो, पण माणसाचा हक्क त्या माणसाला विचारल्यावाचून सुटत नाही. या संदर्भात दिवाळखोराचा एक दृष्टांत हदीसमध्ये आहे. प्रार्थना, उपवास आणि दान यांची भरपूर पुंजी घेऊन एक मनुष्य निवाड्याच्या दिवशी येतो. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असते, कोणाचे धन खाल्लेले असते, कोणाला मारलेले असते. त्याचे पुण्य एकेका ऋणकोला नव्हे, एकेका धनकोला वाटले जाते. ते संपले तरी देणे उरतेच. मग त्या लोकांची पापे त्याच्या माथी येतात. खरा दिवाळखोर तो.

हा सिद्धांत प्रत्यक्ष आचरणात कसा दिसतो, हे पाहण्यासाठी काब इब्न मालिक यांची हकीकत पुरेशी आहे. काब हे मदीनेचे कवी, पैगंबरांचे जुने सोबती. इ. स. ६३० मध्ये, हिजरी नवव्या वर्षी, तबूकच्या मोहिमेची हाक झाली. कडक उन्हाळा होता आणि बागांतील फळे पिकत आली होती. काब यांच्याजवळ साधनांची उणीव नव्हती. निघण्याची तयारी करू म्हणून ते रोज सकाळी घराबाहेर पडत आणि संध्याकाळी काहीही न करता परतत. उद्या करू, असे म्हणता म्हणता सैन्य दूर निघून गेले. नगरात हिंडताना आपल्याबरोबर मागे राहिलेले लोक एकतर दुर्बल किंवा ढोंगी म्हणून ओळखले जाणारे आहेत, हे पाहून त्यांना लाज वाटू लागली.

पैगंबर परतले तेव्हा मागे राहिलेले ऐंशीच्या वर लोक पुढे झाले, शपथा घेऊन सबबी सांगू लागले. त्यांच्या सबबी वरवर मान्य करण्यात आल्या आणि त्यांचे अंतःकरण ईश्वरावर सोपविले गेले. काब हे बोलण्यात चतुर होते. सबब रचणे त्यांना अवघड नव्हते. तरी त्यांनी स्पष्ट सांगितले की, मला कसलीही अडचण नव्हती. मी इतका सशक्त आणि सुस्थितीत कधीच नव्हतो. ईश्वराचा निर्णय होईपर्यंत थांबण्यास त्यांना सांगण्यात आले. त्यांच्याच कुळातील लोक मागे लागले की, इतरांसारखी एक सबब सांगून मोकळा का होत नाहीस? क्षणभर त्यांचे मन डळमळलेही. परंतु मुरारा आणि हिलाल या दोघा सज्जनांनीही खरेच सांगितले आहे, हे कळल्यावर ते स्थिर राहिले.

मग या तिघांशी कोणीही बोलू नये अशी आज्ञा झाली. काब बाजारात जात, प्रार्थनेस जात, पण नमस्काराला उत्तर मिळत नसे. जिवलग चुलतभावाच्या बागेची भिंत चढून ते त्याला भेटावयास गेले, त्यानेही मुख फिरविले. याच काळात सीरियाकडील गस्सानच्या राजाचे पत्र आले : तुझ्या धन्याने तुला टाकले आहे, आमच्याकडे ये, आम्ही तुझा मान राखू. काब यांनी ते पत्र भट्टीत टाकले. चाळिसाव्या दिवशी पत्नीपासून दूर राहण्याची आज्ञा झाली. भूमी विशाल असूनही त्यांना ती अपुरी झाली आणि त्यांचा जीवच त्यांना संकुचित वाटू लागला, असे या अवस्थेचे वर्णन कुराणाच्या नवव्या अध्यायात आले आहे. त्या अध्यायाचे नावच 'तौबा' आहे. पन्नासाव्या दिवशी पहाटे काब घराच्या धाब्यावर प्रार्थना करून बसले असता डोंगरावरून कोणी त्यांच्या नावाने आनंदाची हाक दिली. तौबा स्वीकारली गेली होती. त्यांनी अंगावरची दोन्ही वस्त्रे निरोप्यास देऊन टाकली आणि उसनी वस्त्रे नेसून ते भेटीस गेले. सर्व धन दान करण्यास ते निघाले होते; काही भाग जवळ ठेवावा असे त्यांना सांगण्यात आले. सत्याने मला तारले, म्हणून जन्मभर खोटे बोलणार नाही, असा त्यांनी नेम धरला.

या कथेतील मर्म शिक्षेच्या कठोरपणात नाही. ज्यांनी सबबी सांगितल्या ते त्याच दिवशी मोकळे झाले आणि ज्याने सत्य सांगितले त्याच्या वाट्याला पन्नास दिवस आले, हे मर्म आहे. सबब मनुष्याला लोकांपासून सोडविते, पण दोष जेथे होता तेथेच ठेवते. सत्य मनुष्याला काही काळ एकटे पाडते, पण दोषापासून सोडविते. राजाच्या पत्राचा प्रसंगही विचार करण्यासारखा आहे. ज्याला आपली माणसे दोषी ठरवितात त्याला आदराने बोलावणारा कोणीतरी जगात नेहमी भेटतो. तेथे गेले की पश्चात्तापाची गरजच संपते. परत जाण्याची वाट मोकळी राहावी म्हणून काब यांनी ती दुसरी वाट जाळली.

आता निराशेचा प्रश्न. ज्याचे पाप फारच मोठे आहे त्याने काय करावे? एका प्रसिद्ध हदीसमध्ये नव्याण्णव खून केलेल्या मनुष्याची कथा आहे. मला परतता येईल काय, असे त्याने एका बैराग्याला विचारले. बैरागी म्हणाला, नाही. तेव्हा त्याने त्यालाही मारून शंभर पूर्ण केले. मग तो एका ज्ञानी मनुष्याकडे गेला. ज्ञानी म्हणाला, तुझ्या आणि परतण्याच्या मध्ये कोण येणार? मात्र आपला गाव सोड, तो वाईट आहे; अमुक देशी चांगले लोक ईश्वराची आराधना करतात, तेथे जा. तो निघाला आणि वाटेतच त्याला मृत्यू आला. कृपेचे आणि शिक्षेचे देवदूत त्याच्यासाठी भांडू लागले. अंतर मोजले, तेव्हा तो चांगल्या भूमीला एका वितीने जवळ निघाला.

महानुभाव वाचकांना या कथेतील दोन गोष्टी विशेष जाणवतील. स्वदेश आणि स्वग्राम यांचा संबंध सोडावा असा आपल्या आचारप्रकरणातील उपदेश आहे. ज्या परिसरात दोष पोसला गेला तेथेच राहून तो सुटणे कठीण, हे तत्त्व त्या ज्ञान्यानेही ओळखले. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. बैरागी विरक्त होता, पण ज्ञानी नव्हता. त्याने दार बंद केले आणि एक हत्या आणखी घडली. विरक्ताच्या मुखातून निघालेला निष्ठुर शब्द पापी मनुष्यास अधिक पापाकडे लोटू शकतो. उपदेश देण्याच्या आसनावर जे बसतात त्यांनी हे विसरू नये.

परंतु दार सदैव उघडे आहे याचा अर्थ वाटेल तेव्हा जावे असा नव्हे. पापे करीत राहून मृत्यू समोर आल्यावर मी परतलो म्हणणाऱ्याची तौबा कुराण मान्य करीत नाही. समुद्रात बुडताना फेरोने घेतलेली शपथही तेथे स्वीकारलेली नाही. त्या वेळी निवडण्यासारखे काहीच उरलेले नसते; आणि ज्यात निवड नाही त्यास परतणे म्हणता येत नाही.

तौबा स्वीकारणे ईश्वराला भागच आहे काय, यावरही तेथे मोठा वाद झाला. मुअतझिला पंथीय न्यायाच्या आधारे म्हणत की, होय. अशअरी पंथीयांचे म्हणणे असे की, ईश्वरावर कसलेही बंधन नाही, तो स्वीकारतो ती त्याची कृपा. आठव्या शतकातील बसऱ्याची साध्वी राबिया हिची एक आख्यायिका याला धरून आहे. मी परतलो तर ईश्वर माझ्याकडे वळेल काय, असे कोणी विचारले असता, तो वळला तरच तू परतशील, असे तिने उत्तर दिले म्हणतात. पुढे सूफींमध्ये आणखी एक मतभेद झाला. सहल तुस्तरी म्हणत, आपले पाप कधीही न विसरणे ही तौबा. बगदादचे जुनैद म्हणत, पाप विसरून जाणे ही तौबा. दोन्ही मते खरी आहेत, पण वेगवेगळ्या पायरीवर. जोवर देणे फिटले नाही तोवर विसरणे हा लबाडपणा आहे. फिटल्यानंतरही पापच उगाळीत बसणे म्हणजे ईश्वरस्मरणाच्या जागी स्वतःला बसविणे आहे.

येथवर साम्य पाहिले. भेद लपविणे योग्य नाही. आपल्या सिद्धांतात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आहेत. इस्लाममध्ये ईश्वरावाचून सर्व काही निर्माण केलेले आहे. आपण जन्मोजन्मीचा कर्मभोग मानतो, तेथे एकच जन्म आणि एकच निवाडा. आपला परमेश्वर जीवोद्धारासाठी अवतार स्वीकारतो, तेथे अवताराला स्थान नाही. हे भेद मूलगामी आहेत आणि गोड शब्दांनी ते मिटणार नाहीत. परंतु दोषानंतर मनुष्याने कोणीकडे तोंड करावे, या प्रश्नाचे उत्तर त्या भेदांसाठी थांबून राहत नाही.

समजा, एखाद्या वासनिकाने वर्षानुवर्षे भावाच्या शेताचा बांध कोरला आहे. तो रिद्धपूरला जातो, स्थानाला मस्तक टेकवितो, त्याचे डोळे भरून येतात. विडा अवसराला त्याचा कंठ दाटतो. त्याचे अश्रू खोटे आहेत असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. पण घरी परतल्यावर बांध जेथे होता तेथेच राहिला, तर तो खेद काबीलाचा की आदमाचा? आणि भिक्षूने सहभिक्षूविषयी जे बोलून ठेवले, ते परत घेण्यासाठी तो किती पावले चालून गेला? अनुताप हा आपल्या मार्गातील पवित्र शब्द आहे. पवित्र शब्दाचा धोका असा, की त्याच्या उच्चारानेच कार्य झाल्यासारखे वाटते. परधर्मीयांचा 'तौबा' हा शब्द आपण गर्दीला लावून रिकामा केला. आपला 'अनुताप' तसा रिकामा होऊ नये, इतकी सावधगिरी आपल्या हाती आहे. ती एक वीत पुढे सरकण्याची असली, तरीही पुष्कळ आहे.

इत्यलम्. सर्वांस दंडवत प्रणाम.